रिलीज अ‍ॅनालिसिसचे वक्र दर वेळी वेगळे येतात : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक कोळसा किती स्वच्छ होऊ शकतो हे प्रयोगशाळेत ठरवण्याच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. एक म्हणजे वेगवेगळ्या घनतेच्या द्रवांत नमुना टाकून तरंगणारा आणि बुडणारा भाग वेगळा करणे, म्हणजेच फ्लोट-सिंक. दुसरी म्हणजे फ्लोटेशनच्या, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांना चिकटवून कोळसा तरंगवण्याच्या, छोट्या सेलमध्ये (टाकीत) फेसावाटे कोळशाचे थराथराने भाग पाडणे. या दुसऱ्या पद्धतीला रिलीज अ‍ॅनालिसिस म्हणतात. लीड्स विद्यापीठातील डेल यांनी ती 1953 मध्ये मांडली आणि 1964 मध्ये कोळशासाठी सोपी करून दिली. पहिल्या टप्प्यात सगळा तरंगू शकणारा कोळसा फेसात घेऊन तो पुन्हा पुन्हा तरंगवायचा, म्हणजे पाण्याबरोबर फेसात वाहून आलेली माती सुटते. दुसऱ्या टप्प्यात तोच स्वच्छ केलेला फेस कमी वेग आणि कमी हवेपासून सुरुवात करून, दोन्ही हळूहळू वाढवत, चार-पाच भागांत काढायचा. प्रत्येक भागाचे वजन आणि राख (जाळल्यावर उरणारा खनिजाचा भाग) मोजली की यील्ड (मूळ वजनापैकी किती टक्के हाती आले) आणि राख यांचा वक्र मिळतो. त्या कोळशाला फ्लोटेशनने जास्तीत जास्त किती चांगले फळ मिळेल, ते हा वक्र सांगतो.

झरिया आणि बोकारो भागातील कोकिंग कोळशाच्या (पोलादासाठी कोक करायच्या) वॉशऱ्यांसाठी, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यांसाठी, या चाचणीचे महत्त्व मोठे आहे, कारण तिथल्या बारीक कोळशाची राख 17-18 टक्क्यांपर्यंत उतरेल की नाही यावर फ्लोटेशन विभागाचे सगळे गणित उभे असते. वर्धा खोऱ्यातील कोळसा कोकिंग नाही आणि बहुतांशी वीजकेंद्रांत जातो, म्हणून महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत ही चाचणी क्वचितच होते. धनबाद परिसरात काम करणाऱ्याला मात्र ती सतत करावी लागते आणि एकच दोष वारंवार दुरुस्त करावा लागतो : तोच नमुना, तीच पद्धत, आणि वक्र मात्र वेगळा.

लक्षणे

सर्वांत ठळक लक्षण असे की एकाच नमुन्याच्या दोन चाचण्यांत, समान यील्डला, राखेत एक टक्क्याहून अधिक फरक दिसतो. दुसरे, सगळ्या भागांची वजने आणि राखा मिळवून काढलेली मूळ नमुन्याची राख प्रत्यक्ष मोजलेल्या राखेशी जुळत नाही. तिसरे, वक्र गुळगुळीत येत नाही. दुसऱ्या टप्प्यातला पहिला भाग सर्वांत स्वच्छ असायला हवा, पण त्याची राख दुसऱ्या भागापेक्षा जास्त निघते. चौथे, फेस एक तर येतच नाही, किंवा पाणचट आणि मोठ्या बुडबुड्यांचा येतो. पाचवे लक्षण उशिरा लक्षात येते. नमुना ठेवून काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा केली की यील्ड दर वेळी थोडे थोडे घटत जाते. सहावे, रिलीजचा वक्र फ्लोट-सिंकच्या वक्रापेक्षा चांगला दिसतो. बारीक कोळशात हे दिसले, तर बहुतेक वेळा फ्लोट-सिंकचीच चाचणी नीट झालेली नसते.

यातली कोणती लक्षणे एकत्र दिसतात हे आधी लिहून काढावे. फक्त दुसरे लक्षण असेल तर सेलला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. चौथे आणि पहिले एकत्र असतील तर रसायने आणि पाणी यांकडे आधी जावे.

पहिली तपासणी : कागदावरची, फुकट

चाचणी पुन्हा करण्याआधी वस्तुमानाचा हिशेब मांडावा. हे काम टाळले जाते याचे मला वाईट वाटते, कारण चूक कुठल्या दिशेला आहे हे या हिशेबातूनच कळते. एक उदाहरण घेऊ. अडीच लिटरच्या सेलमध्ये 250 ग्रॅम कोळसा घेतला, त्याची राख 28 टक्के, म्हणजे राखेचे वजन 70 ग्रॅम. गाळताना 75 टक्के राखेची 10 ग्रॅम बारीक माती पाण्याबरोबर निघून गेली, तर उरले 240 ग्रॅम आणि त्यात राख 62.5 ग्रॅम. हिशेबाने मूळ राख 26 टक्के येईल. आता समजा माती गेली नाही, पण सेलच्या भिंतींना आणि खरवडायच्या पट्टीला 12 टक्के राखेचा 10 ग्रॅम स्वच्छ फेस चिकटून राहिला. उरलेल्या 240 ग्रॅममध्ये राख 68.8 ग्रॅम, म्हणजे 28.7 टक्के. दोन्ही वेळा गेले तितकेच ग्रॅम, पण पहिल्या वेळी राख दोन टक्क्यांनी खाली आली आणि दुसऱ्या वेळी जेमतेम पाऊण टक्का वर गेली.

म्हणून हिशेबाची राख मोजलेल्या राखेपेक्षा कमी असेल, तर टेलिंगच्या (न तरंगता सेलमध्ये उरलेल्या भागाच्या) गाळणीकडे आणि निथळलेल्या पाण्याकडे पाहावे. ती जुळते आहे किंवा किंचित वर आहे, पण एकूण वजन कमी भरते आहे, अशा वेळी फेस कुठे राहिला ते शोधावे. वजनही जुळते आणि राखही जुळते, तरी वक्र हलतो, असे असेल तर दोष मोजमापात नसून तरंगवण्यात आहे, आणि मग पुढच्या तपासण्या कामाच्या.

त्याच बैठकीत ओलाव्याचा आधार तपासावा. मूळ नमुन्याची राख हवेत वाळवलेल्या कोळशावर आणि भागांची राख भट्टीत पूर्ण वाळवलेल्या कोळशावर, असे मिश्रण फार सहज होते. 2 टक्के ओलाव्यावर 27.5 राख दिसणारा नमुना कोरड्या आधारावर 28.1 राखेचा असतो. म्हणजे अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक केवळ कागदावरचा असू शकतो.

गाळणीच्या कागदाचे वजनही विसरू नये. पावसाळ्यात कागद ओल धरतो. रिक्त कागद न वाळवता तोलला आणि भागासह वाळवून तोलला, तर दुसऱ्या टप्प्यातल्या 8-10 ग्रॅमच्या छोट्या भागात काही दशांश ग्रॅमची चूक येते, आणि ती त्या भागाच्या तीन-चार टक्के भरते. कागद आधी वाळवावा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करावा आणि मगच तोलावा.

दुसरी तपासणी : राख आणि गाळणी

राखून ठेवलेल्या भागांची राख पुन्हा काढावी. खर्च थोडा आणि निकाल दुसऱ्या दिवशी हातात. भारतीय मानक 1350 च्या पहिल्या भागाप्रमाणे नमुना 212 मायक्रॉनखाली दळलेला असावा, थंड भट्टीत ठेवून अर्ध्या तासात 500 अंशांपर्यंत आणि त्यानंतरच्या अर्ध्या ते एका तासात 815 अंशांपर्यंत न्यावा, आणि त्या तापमानाला तासभर ठेवावा. घाईत नमुना थेट तापलेल्या भट्टीत सरकवला तर दोन गोष्टी होतात. कण उडून वजन जाते, आणि कार्बोनेट असलेल्या कोळशात गंधक बाहेर पडण्याआधीच चुन्याशी बांधले जाऊन राखेत अडकते. आंतरराष्ट्रीय मानक 1171 नुसार 10 टक्क्यांहून जास्त राखेच्या दुहेरी मोजणीत सरासरीच्या 2 टक्के इतका फरक चालतो, म्हणजे 30 टक्के राखेला 0.6. याच्या आतला फरक असेल तर राखेच्या मोजणीला दोष देता येत नाही.

गाळणीसाठी सोपी परीक्षा आहे. टेलिंग गाळून खाली आलेले पाणी काचेच्या उंच बीकरमध्ये रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी तळाशी राखाडी-पांढऱ्या मातीचा पातळ थर दिसला तर वरच्या उदाहरणातले हरवलेले ग्रॅम तिथेच आहेत. तो थर वाळवून तोलावा, त्याची राख काढावी आणि टेलिंगमध्ये मिळवावी. पुढच्या वेळी बारीक छिद्रांचा कागद वापरावा आणि गढूळ पाणी निथळून ओतून देऊ नये.

तिसरी तपासणी : पाणी आणि सेलची स्वच्छता

सेलमध्ये कोळसा न टाकता फक्त पाणी भरून, नेहमीच्या वेगाने आणि हवेने चालवून पाहावे. पृष्ठभागावर टिकणारा फेस आला तर सेलमध्ये आदल्या चाचणीचा फ्रॉदर (फेस आणणारे रसायन) किंवा साबणाचा अंश आहे. इम्पेलरच्या (ढवळणाऱ्या पंख्याच्या) मागची बाजू आणि हवेच्या नळीचे तोंड या दोन जागी तेलकट थर हमखास बसतो. ते भाग सोडवून गरम पाण्याने आणि अल्कोहोलने पुसावेत आणि भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत.

पाण्याचा स्रोत बदलू नये. आज नळाचे, उद्या बोअरवेलचे, परवा वॉशरीतून आणलेले फिरते पाणी, असे झाले तर क्षारांमुळे बुडबुड्यांचा आकार आणि मातीचे कण एकत्र येण्याची वृत्ती, दोन्ही बदलतात. वॉशरीच्या पाण्यात आधीच डिझेल आणि फ्रॉदर शिल्लक असते. पाण्याचे तापमानही नोंदवावे, कारण जानेवारी आणि मे यांच्या चाचण्यांची तुलना करताना हीच नोंद कामी येते.

चौथी तपासणी : रसायनांची मात्रा

वक्र हलण्याचे सर्वांत जास्त वेळा सापडणारे कारण इथे असते, म्हणून या तपासणीवर वेळ खर्च करावा. प्रयोगशाळेत नेहमीची मात्रा टनाला 1 किलो कलेक्टर (कोळशाला बुडबुड्यांशी चिकटवणारे तेल, इथे डिझेल) आणि 100 ग्रॅम फ्रॉदर अशी असते. 250 ग्रॅम कोळशाला हे म्हणजे 0.25 ग्रॅम डिझेल, सुमारे 0.3 मिलिलिटर, आणि फ्रॉदर म्हणून एमआयबीसी (मिथाइल आयसोब्युटाइल कार्बिनॉल) घेतले तर फक्त 0.025 ग्रॅम, सुमारे 0.03 मिलिलिटर. एमआयबीसीचा ड्रॉपरमधून पडणारा एक थेंबच साधारण 0.02 मिलिलिटरचा असतो. म्हणजे एक थेंब जास्त पडला की मात्रा दीडपटीहून अधिक झाली. फ्रॉदर वाढला की फेस जास्त पाणी धरतो, पाण्याबरोबर माती वर येते, आणि पहिल्याच भागाची राख चढते. तिसऱ्या लक्षणाचे मूळ बहुधा हेच.

उपाय महाग नाही. 50 किंवा 100 मायक्रोलिटरची सिरिंज घ्यावी आणि ती रिकाम्या कुपीत सोडून तराजूवर तपासावी. एमआयबीसी पाण्यात विरघळते, त्यामुळे त्याचे सौम्य द्रावण करून मोठ्या आकारमानात मोजले तर चूक आणखी घटते. डिझेल पाण्यात विरघळत नाही, ते मात्र सिरिंजनेच पृष्ठभागाखाली सोडावे. पंपावरचे डिझेल दर वेळी एकसारखे नसते, म्हणून एका नमुना-मालिकेसाठी एकाच डब्यातले वापरावे. दोन प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करायची असेल तर डिझेलऐवजी शुद्ध डोडेकेन (एकाच घटकाचे तेल) घ्यावे.

आणखी एक गोष्ट. फेसाबरोबर फ्रॉदरही सेलबाहेर जातो आणि पातळी राखण्यासाठी आपण साधे पाणी घालत राहतो. वरच्या मात्रेत सेलमधल्या फ्रॉदरचे प्रमाण लिटरला 10 मिलिग्रॅम असते. भरपाईच्या पाण्यातही तेवढेच मिसळून ठेवले, तर शेवटच्या भागांत फेस अवेळी मरत नाही आणि तरंगू शकणारा कोळसा टेलिंगमध्ये जात नाही.

पाचवी तपासणी : भिजवणे, खरवडणे, वेग आणि हवा

कोरडी भुकटी सेलमध्ये टाकली की तिच्या गुठळ्या हवा धरून तशाच तरंगतात आणि त्यांतली मातीही फेसात जाते. कोळसा थोड्या पाण्यात कालवून लगद्यासारखा करावा, मग उरलेले पाणी घालून पाच मिनिटे हवा न देता ढवळावे, त्यानंतरच कलेक्टर आणि शेवटी फ्रॉदर घालावा. प्रत्येकाला किती वेळ दिला हे घड्याळावर मोजावे, अंदाजाने नव्हे.

खरवडणाऱ्याचा हात हा मोठा घटक आहे. त्याच नमुन्याची चाचणी दोन जणांनी केली आणि फरक आला, पण एकाच माणसाच्या दोन चाचण्या जुळल्या, तर दोष हातात आहे. पट्टी पल्पमध्ये (पाणी-कोळशाच्या मिश्रणात) बुडता कामा नये, तिने फक्त फेस काढावा. पल्पची पातळी काठापासून किती खाली ठेवायची याची खूण सेलवर कायमची करून घ्यावी.

वेग टॅकोमीटरने आणि हवा रोटामीटरने तपासावी. पट्टा सैल झाला असेल तर भार आल्यावर वेग घटतो, म्हणून मोजणी पल्प भरलेल्या सेलवरच करावी.

पहिला टप्पा किती वेळा पुन्हा करायचा याची संख्या आधीच ठरवून तिथेच थांबणे चुकीचे आहे. सेलमध्ये उरलेले पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत आणि टेलिंगचे वजन नगण्य होईपर्यंत फेस पुन्हा तरंगवावा. झरियासारख्या कोळशात, जिथे खनिज अगदी बारीक मिसळलेले असते, एखादी फेरी कमी झाली तरी वक्राची सुरुवात बिघडते. तसेच दोन टप्प्यांच्या मध्ये फेस वाळवू नये. वाळवलेल्या कणांचा पृष्ठभाग बदललेला असतो आणि तो पूर्वीसारखा तरंगत नाही.

सहावी तपासणी : नमुना

इथून खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. वजनाचा हिशेब जुळतो, रसायने बरोबर आहेत, तरी दोन चाचण्यांच्या मूळ राखांतच फरक आहे, असे दिसले तर नमुना सारखा वाटला गेलेला नाही. पिशवी हलवून वरून चमच्याने काढलेला बारीक कोळसा कधीच प्रातिनिधिक नसतो, कारण जड आणि बारीक कण तळाशी सरकतात. रिफलमधून (नमुना सारखा वाटणाऱ्या खाचांच्या पेटीतून) किंवा त्याहून चांगले म्हणजे फिरत्या विभाजकातून, सगळ्या चाचण्यांचे भाग एकाच दिवशी पाडून ठेवावेत.

यील्ड आठवड्यागणिक घटत असेल तर ऑक्सिडेशनचा संशय धरावा. कोळशाचा पृष्ठभाग हवेत ऑक्सिजन धरतो, पाण्याला जवळ करतो आणि डिझेल त्याला नीट चिकटत नाही. राख तीच राहते, म्हणून राखेच्या चाचणीत हे मुळीच दिसत नाही. खात्री करण्यासाठी त्याच सीमचा (खाणीतल्या कोळशाच्या थराचा) ताजा नमुना त्याच दिवशी सेलमध्ये चालवावा. कलेक्टर वाढवल्यावर जुन्या नमुन्याचे यील्ड वर येत असेल, तर संशय आणखी बळावतो. फ्लोटेशनचा नमुना 40 अंशांहून जास्त तापमानाला वाळवू नये. तो हवाबंद पिशवीत, शक्यतो नायट्रोजन भरून, थंड जागी ठेवावा.

दळण्याकडेही पाहावे. अर्ध्या मिलिमीटरखाली आणण्यासाठी सगळा नमुना एकदम दळला तर गरजेपेक्षा जास्त भुकटी होते. थोडे दळावे, चाळावे, वर राहिलेले पुन्हा दळावे. 75 मायक्रॉनखालचा भाग ओल्या चाळणीनेच मोजावा, कारण कोरड्या चाळणीत माती मोठ्या कणांना चिकटून वरच राहते.

सातवी तपासणी : फ्लोट-सिंकशी पडताळणी

ही सर्वांत अवघड आणि सर्वांत धोक्याची तपासणी असल्यामुळे शेवटी ठेवली आहे. बारीक कणांचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे व्यास दहावा झाला की वेग साधारण शंभरावा. त्यामुळे साध्या भांड्यात ठेवलेल्या बारीक नमुन्यात जड कण तरंगणाऱ्यांत अडकून राहतात आणि तरंगणाऱ्या भागाची राख खोटी वाढते. सहावे लक्षण इथून येते. 75 मायक्रॉनखालच्या कणांसाठी सेंट्रिफ्यूज वापरावेच लागते.

प्रत्येक घनतेचा द्रव वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर हायड्रोमीटरने तपासावा. हलका घटक आधी उडून जातो आणि द्रवाची घनता नकळत चढते. दोन घनतांमधल्या 0.02 च्या चुकीनेही आपल्याकडच्या कोळशाचे यील्ड बरेच हलते, कारण कापण्याच्या घनतेजवळचे कण आपल्या कोळशात फार असतात. झिंक क्लोराईडचे द्रावण जाड कोळशाला चालते. बारीक कोळशात ते धुऊन काढणे कठीण असते, आणि राहिलेला क्षार राखेच्या मोजणीत येतो.

दोन पद्धतींचे वक्र तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा मात्र धरू नये. एक पद्धत घनतेवर वेगळे करते, दुसरी पृष्ठभागावर. रिलीजचा वक्र थोडा मागे असणे स्वाभाविक आहे. तो किती मागे आहे हे दर वेळी सारखे येत असेल तर चाचणी निरोगी आहे.

कुठे थांबावे

फ्लोट-सिंकसाठी लागणाऱ्या सेंद्रिय द्रवांचे काम चालू फ्यूम हुड (वाफा बाहेर ओढणारे कपाट) नसेल तर सुरूच करू नये. बेंझीन कर्करोगकारक आहे. कार्बन टेट्राक्लोराईड यकृताला घातक आहे, आणि ओझोनच्या थरासाठी मॉन्ट्रियल करारानुसार वापरातून काढलेले आहे. जुन्या कपाटात त्याच्या बाटल्या सापडल्या तर त्या वापरू नयेत आणि मोरीत ओतू नयेत. घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्याव्यात. पर्क्लोरोइथिलीनही उघड्यावर हाताळण्याचा द्रव नाही. हुडची ओढ कमी वाटली तर काम बंद करून देखभाल विभागाला बोलवावे.

सेलच्या मोटारीला हात लावताना झिणझिण्या आल्या, दांड्यातून घरघर आली किंवा बेअरिंगमधून तेल पल्पमध्ये उतरते आहे असे दिसले, तर प्लग काढून विद्युत तंत्रज्ञ किंवा यंत्राचा तंत्रज्ञ येईपर्यंत सेल चालवू नये. भट्टीचे तापमान 815 च्या दहा अंश इकडेतिकडे राहत नसेल तर थर्मोकपल स्वतः बदलून काम भागवू नये. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडून ते तपासून घ्यावे.

वरच्या सगळ्या तपासण्या बरोबर निघाल्या आणि ताज्या नमुन्यावरही वक्र हलतो, तर प्रश्न प्रयोगशाळेचा नसून कोळशाचा असू शकतो. दोन सीम मिसळले असतील, किंवा खनिज इतके बारीक गुंतलेले असेल की अर्ध्या मिलिमीटरला ते सुटतच नाही. याचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली मॅसेरल (कोळशाचे सेंद्रिय घटक) आणि खनिजांचे गुंतणे पाहणाऱ्या कोल पेट्रोग्राफरनेच द्यावा. धनबादची सीएसआयआर-सिंफर ही संस्था, जी 2007 मध्ये खाण संशोधन आणि इंधन संशोधन या दोन जुन्या संस्था एकत्र करून झाली, अशा कामासाठी जवळची आहे. तिथे किंवा दुसऱ्या सक्षम प्रयोगशाळेत नमुना पाठवताना एकाच दिवशी पाडलेले दोन सारखे भाग, हवाबंद केलेले, पाठवावेत. सोबत नमुना उचलल्याची तारीख, वाळवण्याचे तापमान, ओल्या चाळणीचे निकाल, पाण्याचा स्रोत, रसायनांच्या मात्रा आणि दोन्ही वादग्रस्त चाचण्यांचा वस्तुमानाचा पूर्ण हिशेब द्यावा. तिसरा सारखा भाग आपल्याकडे सीलबंद ठेवावा, म्हणजे त्यांचा निकाल आल्यावर त्याच कोळशावर पुन्हा चाचणी करता येईल.